डोंगरावरच्या सेंद्रिय शेतात पाहुण्यांचा मुक्काम: या चुका टाळा

सातारा जिल्ह्यातल्या जावळी, महाबळेश्वर आणि पाटण तालुक्यांतल्या डोंगरवस्त्यांवर आपल्या सेंद्रिय शेतातच दोन-चार खोल्या बांधून पाहुण्यांना मुक्कामाला ठेवणारी कुटुंबे आता बरीच आहेत. त्यांच्यापुढे येणाऱ्या अडचणी वरवर वेगवेगळ्या वाटल्या तरी बहुतेकींचे मूळ एकच असते: शेताचा हिशेब एका वहीत आणि खोल्यांचा दुसऱ्या वहीत मांडला जातो. प्रत्यक्षात न्हाणीघराचे सांडपाणी, संडासाची टाकी, बंबाचे सरपण आणि पानातले खरकटे या सगळ्यांचा भार त्याच मातीवर आणि त्याच झऱ्यावर पडतो.

पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक पाण्याची आहे. महाबळेश्वर परिसरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, त्यामुळे पाण्याची चिंता करण्याचे कारण नाही असे अनेकांना वाटते. परंतु तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या महिन्यांत पडतो आणि जांभ्याच्या पठारांवरून व तीव्र उतारांवरून झपाट्याने खाली वाहून जातो. शाळांच्या सुट्ट्या आणि पाहुण्यांची गर्दी मात्र एप्रिल-मेमध्ये, म्हणजे झरे सर्वांत क्षीण असताना येते. माणशी रोज 100 लिटर धरले तरी 12 पाहुण्यांना 1200 लिटर लागतात, आणि त्याच दिवसांत परसातल्या भाजीला व रोपांनाही पाणी हवे असते. 1000 चौरस फुटांच्या पत्र्यावर 100 मिलिमीटर पाऊस झाला, तर गळती वजा जाताही सात हजार लिटरच्या आसपास पाणी टाकीत येते. जुलैत असे दिवस वारंवार येत असल्याने टाकी भरणे अवघड नसते, ती मार्चपर्यंत भरलेली ठेवणे अवघड असते. तेव्हा एक टाकी पूर्ण झाकून, जाळी बसवून, तिचा नळ मार्चअखेरपर्यंत बंदच ठेवावा आणि हिवाळ्यातला वापर झऱ्यावर किंवा विहिरीवर चालवावा. पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी टाकीत न घेता सोडून द्यावे, कारण त्यात छपरावरची धूळ आणि पाखरांची विष्ठा असते.

दुसरी चूक सफाईची आहे. शेतात रसायनाचा थेंबही पडू न देणारे कुटुंब खोल्या लखलखीत दिसाव्यात म्हणून संडासात फिनेल आणि आम्ल ओतते, आणि टाकीतला मैला कुजवणारे जिवाणू त्यानेच मरतात. मग टाकी लवकर भरते, दुर्गंधी सुटते, आणि ती घालवण्यासाठी पुन्हा फिनेल ओतले जाते. असा वास येऊ लागला, तर प्रथम ही द्रव्ये बंद करावीत, साध्या साबणावर आणि ब्रशवर भागवावे, आणि न्हाणीघराचे पाणी टाकीत सोडले असेल तर ते वेगळे काढावे. कारण जास्त पाण्याच्या लोंढ्याबरोबर न कुजलेला गाळ शोषखड्ड्यात जातो आणि खड्डा बुजतो. वेगळे काढलेले पाणी कर्दळ, केळी आणि अळू यांच्या वाफ्यात जिरवता येते. स्ट्रॉबेरीला किंवा पालेभाजीला ते कधीही देऊ नये, कारण ही पिके जमिनीला टेकतात आणि अनेकदा कच्चीच खाल्ली जातात.

शोषखड्डा विहिरीच्या किंवा झऱ्याच्या वरच्या अंगाला खोदणे ही चूक उतारावर सहज घडते, कारण सपाट जागा मिळेल तिथेच खड्डा घेतला जातो. भेगाळ खडकातून मैलापाणी न गाळताच खाली उतरते. दर पावसाळ्यात पिण्याचे पाणी तपासावे. गावपातळीवर वापरली जाणारी चाचणीची बाटली काळी पडली, म्हणजे पाण्यात मैल्यातले जिवाणू असल्याची खूण दिसली, तर पाणी उकळून द्यावे आणि खड्डा हलवावा.

सौर बंबावर विसंबून पावसाळ्यातही चोवीस तास गरम पाण्याचे आश्वासन देऊ नये. इथे धुके आठवडेच्या आठवडे हटत नाही. बांधावर गिरिपुष्प लावल्यास छाटणीचे सरपण वापरता येते आणि रानातली तोड टळते. तेलकट खरकटे उघड्या उकिरड्यावर टाकू नये. त्यावर रानडुकरे येतात, कुत्रीही जमतात, आणि कुत्र्यांच्या मागावर बिबट्या येतो.

‘सर्व काही सेंद्रिय, सर्व काही आमच्याच शेतातले’ अशी पाटी लावणे मला सर्वांत अनावश्यक चूक वाटते. मे महिन्यात ताटात फ्लॉवर आणि सिमला मिरची वाढून वर ती घरची असल्याचे सांगितले, तर शेतात एक फेरी मारणारा पाहुणाही ते ओळखतो. त्याऐवजी नाचणीची भाकरी, वरीचा भात आणि घेवड्याची आमटी आपली, बाकी बाजारची, असे सरळ सांगावे. स्ट्रॉबेरी साधारण डिसेंबर ते मार्च एवढ्याच काळात मिळेल, हेही आरक्षणाच्या वेळीच कळवावे. प्रमाणपत्र हवे असल्यास पीजीएस-इंडिया या सहभागी पद्धतीत, म्हणजे शेतकरीच एकमेकांची शेते तपासतात अशा पद्धतीत, किमान पाच शेतकऱ्यांचा स्थानिक गट करता येतो. रूपांतराच्या, म्हणजे रासायनिक शेतीकडून सेंद्रिय शेतीकडे वळण्याच्या, काळातल्या मालाला त्यात वेगळी खूण आहे, तेव्हा त्या काळात ‘सेंद्रिय’ हा शब्द छापू नये. शेजारच्या शेतातली फवारणी वाऱ्याने येत असेल, तर बांधावर उंच झाडांची रांग आणि विक्रीत न धरायचा पट्टा राखावा.

राज्याच्या 2020 च्या कृषी पर्यटन धोरणानुसार पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी होते. ती खोल्या बांधण्याआधी समजून घ्यावी. महाबळेश्वर-पाचगणी परिसर 2001 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र असल्याने तिथे वृक्षतोड आणि उतारावरचे बांधकाम यांवर निर्बंध आहेत. अंगण मोठे दिसावे म्हणून डोंगर उभा कापणे तर कुठेच करू नये. जुलै 2021 च्या अतिवृष्टीत पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे येथे दरडी कोसळून जीवितहानी झाली, हे या जिल्ह्यात कोणी विसरलेले नाही. खोलीमागच्या उतारावर नवी भेग दिसली, झाडे कलू लागली किंवा झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, तर पाहुण्यांना आणि घरच्यांनाही तत्काळ सुरक्षित ठिकाणी हलवावे, तलाठ्यांना कळवावे आणि पुढची आरक्षणे रद्द करून पैसे परत द्यावेत.