सावलीवरून सूर्याची उंची मोजताना या चुका टाळा

उभ्या काठीच्या दुपारच्या सावलीवरून सूर्य ऋतूनुसार आकाशात किती वर चढतो हे पाहण्याचा प्रयोग कोणत्याही गच्चीवर करता येतो. मात्र तो बहुधा फसतो तो घड्याळावर विसंबल्यामुळे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरची आहे आणि पुणे ७३.९ अंशांच्या आसपास आहे, त्यामुळे तेथे सूर्य दिवसातल्या सर्वांत उंच जागी येतो तेव्हा घड्याळात साधारण १२.३५ झालेले असतात. ही वेळही वर्षभर स्थिर नसून नोव्हेंबरच्या आरंभी १२.१८, तर फेब्रुवारीच्या मध्यास १२.४९ अशी सरकते. डिसेंबरात ठीक बाराला मोजले तरी उंचीत एका अंशाहून कमी फरक पडतो, म्हणून चूक लपून राहते. पण १४ मेच्या सुमारास, म्हणजे पुण्यात सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येऊन काठीची सावली नाहीशी होते त्या शून्य सावलीच्या दिवशी, एक मीटर काठीची सावली बाराला पश्चिमेकडे चांगली १३ सेंटिमीटर असते आणि उत्सुकतेने जमलेली मुले अर्धा तास आधीच निराश होऊन परततात, याचे फार वाईट वाटते. १२.१० पासून एक वाजेपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकावर खूण करावी आणि सर्वांत आखूड सावली धरावी.

काठी नजरेने सरळ न मानता ओळंब्याने तपासावी, कारण एका अंशाच्या कलाने टोक पावणेदोन सेंटिमीटर सरकते.

२१ जूनला सूर्य डोक्यावर असतो, हे कर्कवृत्तावर खरे आहे, पुण्यात नाही. तेथे त्या दिवशी तो माथ्याच्या उत्तरेला सुमारे ५ अंश कललेला असतो आणि साडेआठ सेंटिमीटरची सावली दक्षिणेकडे पडते. ही दिशा न नोंदवता केवळ लांबी लिहिली, तर वर्षाचा आलेख मे महिन्यापासून चुकतो. म्हणून दक्षिणेकडची सावली उणे चिन्हाने लिहावी. जून-जुलैत ढगांमुळे नोंदी तुटतात. तेथे अंदाजाने आकडे भरण्यापेक्षा जागा रिकामी ठेवणे प्रामाणिकपणाचे.

उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याजवळ जाते हा समजही सोडावा. ती सर्वांत जवळ असते जानेवारीच्या आरंभी. तसेच सूर्याचे उत्तरेकडे सरकणे मकर संक्रांतीला नव्हे, तर २२ डिसेंबरच्या सुमारासच सुरू होते: पुण्यात त्या दिवशी सुमारे ९० सेंटिमीटर असलेली एक मीटर काठीची सावली संक्रांतीपर्यंत ८४ वर आलेली असते.