हान्झो द रेझर बघायचाय? मग असा बघा

सगळ्यात आधी, घरच्यांसोबत लावू नका. हेडफोन घाला, एकटे बसा. सामुराई पिक्चर म्हणजे कुरोसावा (‘सेव्हन सामुराई’वाला डायरेक्टर) असं डोक्यात धरून बसलात तर वीस मिनिटांत बंद कराल, हे मंगावरून म्हणजे जपानी कॉमिकवरून काढलेलं, रक्ताने माखलेलं सत्तरच्या दशकातलं प्रकरण आहे.

तीन भाग आहेत, ‘सॉर्ड ऑफ जस्टिस’ १९७२, ‘द स्नेअर’ १९७३, ‘हूज गॉट द गोल्ड’ १९७४, आणि तिन्हींचे डायरेक्टर वेगळे. एकच बघायचा असेल तर पहिला, तो केन्जी मिसुमीचा. हान्झो हा पोलीस, तो झालाय शिंतारो कात्सु, आंधळ्या तलवारबाजाच्या ‘झाटोइची’ पिक्चरांचा हिरो.

सुरुवात अजिबात चुकवू नका. एडो म्हणजे आजचं टोकियो, तिथल्या पोलिसांनी प्रामाणिक राहायची शपथ घेऊन रक्ताने सही करायची असते, बाकी सगळे मुकाट करतात आणि हान्झो भर सभेत नाही म्हणतो, कारण इथे वरपासून खालपर्यंत सगळे खातात आणि मी खोट्या कागदावर सही करणार नाही. तिथूनच साहेबाशी वाजतं.

मग तो घरी जाऊन काय करतो तर स्वतःचाच छळ! करवती कंगोऱ्यांच्या फळीवर गुडघे टेकून बसतो आणि आपल्याच माणसांना मांड्यांवर दगडाच्या लाद्या रचायला लावतो, का तर कैद्याला किती दुखतं ते कळायला हवं. हा सीन नीट बघा, अख्खा हान्झो यात आहे. हातातल्या लोखंडी दांड्याकडेही लक्ष ठेवा, धार नसते पण बाजूच्या आकड्यात समोरच्याची तलवार अडकवता येते. आणि आवाज मोठा ठेवा, एडोच्या गल्ल्यांत फंक म्युझिक वाजतंय, कुनिहिको मुराईचं, भन्नाट आहे.

आता घाण भाग. हा माणूस बायकांची चौकशी बलात्काराने करतो आणि वर पिक्चर असं दाखवतो की त्यांना ते आवडलं. ‘त्या काळी चालायचं’ वगैरे मला पटत नाही, ते सरळ फॉरवर्ड करा, तपासात पुढे काय झालं ते लगेच कळतं. तेवढंही नको असेल तर पिक्चरच सोडा, राग नाही.

सोडलात तर त्याऐवजी ‘लोन वुल्फ अँड कब’ ही सामुराई पिक्चरांची मालिका लावा, दोन्हींच्या मंगाचा लेखक एकच, काझुओ कोइके, पहिला भाग मिसुमीचाच आणि हिरो कात्सुचा थोरला भाऊ. रक्त तिथेही बादलीभर आहे.