सर्व्हरवर हाताने केलेले बदल कोडमध्ये कसे आणावेत

रंगपंचमीला इंदूरमध्ये राजवाड्याकडे गेर, म्हणजे रंग उधळणारी मिरवणूक, निघते आणि त्या दिवशी इथं कुणी कामाला हात लावत नाही. मी लावला. ऑफिस रिकामं, फोन शांत, म्हटलं अ‍ॅन्सिबलचं प्लेबुक (सर्व्हरची मांडणी कशी हवी ते लिहिलेला कोड; हे साधन तो वाचून सर्व्हर तसा करतं) एकदा सगळ्या सर्व्हरवर फिरवून घेऊ. दुसऱ्या दिवशी पोह्यांची प्लेट हातात येते न येते तोच सियागंजातल्या एका व्यापाऱ्याचा फोन: "दादा, बिलाचा फोटो चढतच नाहीये." स्क्रीनवर एरर ४१३, म्हणजे पाठवलेली फाइल फार मोठी.

आमचा वेब सर्व्हर एन्जिनएक्स मुळात १ एमबीपेक्षा मोठं अपलोड घेत नाही. आमच्या एका सहकाऱ्याने वर्षभरापूर्वी, रात्री अकराला, सर्व्हरवर थेट शिरून ती मर्यादा २० एमबी केली होती. प्लेबुकला याचा पत्ता नव्हता. त्याने इमानदारीने जुनी फाइल परत जागेवर ठेवली. चूक सहकाऱ्याची कमी, माझी जास्त: सर्व्हरवर काय आहे ते न बघताच मी कोड चालवला होता. आता मी हे काम उलट्या दिशेने करतो. आधी सर्व्हर वाचायचा, मग कोड लिहायचा.

आधी हात आवरा

प्लेबुक क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणारी सोय) आपोआप चालत असेल तर ते बंद करा. त्याच कामाचं दुसरं साधन, पपेट, असेल तर लक्षात ठेवा, त्याचा एजंट मुळात दर ३० मिनिटांनी येतो. त्याला 'पपेट एजंट --डिसेबल' म्हणून झोपवा. मग 'ईटीसीकीपर' बसवा. तो /ईटीसी, म्हणजे कॉन्फिग फाइलींचा फोल्डर, गिटमध्ये (फाइलींचा प्रत्येक बदल नोंदवणारं साधन) ठेवतो आणि फाइलींचे मालक व परवानग्याही नोंदवतो, जे गिट एकटं करत नाही. मात्र ही रेपो (गिटचा साठा) बाहेर कुठे पुश करू नका, तिच्यात पासवर्डचे हॅश आणि खाजगी किल्ल्या असतात.

मग बदल हुडका

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. डेबियन किंवा उबंटूवर 'डीपीकेजी --व्हेरिफाय' चालवा. प्रश्नचिन्हांच्या रांगेत ५ दिसला तर त्या फाइलचा चेकसम (मजकुरावरून काढलेला आकडा) बदललाय, म्हणजे मजकूर बदललाय, आणि पुढे 'सी' असेल तर ती कॉन्फिग फाइल आहे. रेड हॅट घराण्यात हेच काम 'आरपीएम -व्हीए' करतो.

पण या यादीवर विसंबून झोपू नका. डेबियन-उबंटूत एसएसएचडीची (दुरून लॉगिन देणारी सर्व्हिस) मुख्य कॉन्फिग फाइल पॅकेजच्या नोंदीत नसते, ती इन्स्टॉल होताना तयार होते. म्हणून तिच्यात कुणी काहीही केलं तरी हा आदेश गप्प बसतो. कुणी नव्याने टाकलेली फाइलही तो दाखवत नाही. /ईटीसी आणि /युएसआर/लोकल/बिन मधल्या ज्या फाइलींना 'डीपीकेजी -एस' मालक सापडत नाही, त्या वेगळ्या काढून एकेक उघडा.

'एपीटी-मार्क शोमॅन्युअल' मुद्दाम मागवून घेतलेली पॅकेजेस सांगतो, आणि एपीटीचा हिस्टरी लॉग ती कधी आली ते. हा लॉग साधारण वर्षभराचाच उरतो, तेव्हा आजच प्रत काढून ठेवा. सर्व्हिसेसमध्ये कुणी ढवळाढवळ केली असेल तर 'सिस्टमडी-डेल्टा' ती उघडी पाडतो.

दोन जागा हमखास निसटतात. एक, 'क्रॉनटॅब -ई'ने लावलेली कामं. ती /ईटीसीत नसतात, /व्हार/स्पूलखाली असतात, म्हणजे ईटीसीकीपरलाही दिसत नाहीत. प्रत्येक युजरची यादी वेगळी पाहावी लागते. दुसरी, नुसत्या मेमरीत असलेले बदल: 'सिसकंट्रोल -डब्ल्यू'ने दिलेली किंमत, हाताने घातलेले फायरवॉलचे नियम. हे आज चालतात आणि रीबूट झाल्यावर गायब होतात. चालू असलेलं आणि फाइलीत लिहिलेलं, दोन्ही शेजारी ठेवून ताडून पाहा.

प्रत्येक बदलाला कारण विचारा

सापडलेलं सगळं कोडमध्ये ओतू नका. अर्धं सामान कुणाच्या तरी प्रयोगाचं असतं. ज्याने बदल केला त्याला चहाला बसवून विचारा. बॅश हिस्टरीत (टाइप केलेल्या आदेशांची यादी) मुळात वेळ नोंदलेली नसते, त्यामुळे माणसाच्या आठवणीचा जास्त उपयोग होतो. आमच्या सहकाऱ्याला लगेच आठवलं: "अरे, मोबाइलच्या फोटोंसाठी केलं होतं." ते कारण मी कोडमध्ये त्या ओळीच्या वर टिपण म्हणून लिहिलं.

कोड लिहा

जे सगळ्या सर्व्हरना हवं ते ग्रुपच्या व्हेरिएबलमध्ये जातं, एकाच मशीनचं असेल ते त्या होस्टच्या. पूर्ण फाइल आपली असेल तर तिचं टेम्पलेट (किंमती भरायच्या जागा ठेवलेला साचा) करा. एक-दोन ओळींसाठी 'लाइनइनफाइल'चा (फाइलीतली एकच ओळ बदलणारं मॉड्यूल) मोह होतो, पण असे दहा तुकडे जमले की शेवटी फाइल कशी दिसेल हे कुणालाच सांगता येत नाही. एन्जिनएक्ससारख्या ठिकाणी कॉन्फ.डी फोल्डरमध्ये स्वतंत्र छोटी फाइल टाकणं बरं. पासवर्ड व्हॉल्टमध्येच, म्हणजे एन्क्रिप्ट केलेल्या फाइलीत. आणि टाकून द्यायचा बदल नुसता कोडात न लिहिल्याने जात नाही. अ‍ॅन्सिबलला 'स्टेट: अ‍ॅबसेंट' असं स्पष्ट सांगावं लागतं.

फरक संपेपर्यंत ताडून पाहा

आता '--चेक --डिफ' लावून, '--लिमिट'ने एकाच सर्व्हरवर प्लेबुक चालवा. काही बदलणार नाही, फक्त काय बदललं असतं ते दिसेल. वजा चिन्हाच्या ओळी म्हणजे सर्व्हरवर असलेलं आणि तुमचा कोड पुसणार असलेलं. माझे २० एमबी त्या दिवशी याच वजाच्या ओळीत दिसले असते. तशी एकेक ओळ कोडमध्ये आणा, किंवा ती का नको ते ठरवा, आणि पुन्हा चालवा. फक्त शेल आणि कमांड मॉड्यूलची कामं चेकमध्ये सहसा वगळली जातात, ती डोळ्यांनी वाचा.

फरक संपला की खरोखर चालवा, लगेच दुसऱ्यांदाही. दुसऱ्या वेळी 'चेंज्ड' शून्य आलं पाहिजे. मग कोऱ्या मशीनवर तोच कोड चालवून अ‍ॅप उभं राहतं का बघा. आमच्याकडे या पायरीत पीडीएफ बनवायला लागणारा एक फॉन्ट राहून गेल्याचं कळलं, मराठी बिलांवर नुसते चौकोन.

रात्री आग लागली तर थेट सर्व्हरवर दुरुस्ती करायला माझी हरकत नाही. व्यापाऱ्याला गिटची शिस्त सांगून भागत नाही. पण आता रोज पहाटे चेक चालतो आणि त्याचा मेल आम्हा दोघांना येतो. परवा त्यात वजाची एक ओळ होती. मी फोन लावायच्या आतच सहकाऱ्याचा मेसेज आला: "माझीच आहे, दुपारपर्यंत कोडात टाकतो."