परदेशात आपलाच मोबाइल वापरायचा, तर निघण्याआधी काय कराल?

लातूरचं लेकरू डॉक्टरकीला जॉर्जियात, नांदेडची लेक कॅनडात, बीड-परभणीची मंडळी उमराहला. पासपोर्ट, व्हिसा, लोणचं, चटण्या सगळ्याची तयारी महिनाभर आधी होते, मोबाइलची मात्र मुंबई किंवा हैदराबादच्या विमानतळावर आठवण येते. तोवर उशीर झालेला असतो. रोमिंग (आपलं सिम परदेशातल्या नेटवर्कवर चालणं) चालू करायला ओटीपी लागतो आणि तिकडे ओटीपी यायला रोमिंग चालू असावं लागतं. म्हणून पुढची बहुतेक कामं घरी बसूनच उरकायची.

१. फोन चालेल का?
अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये थ्रीजी हे जुनं नेटवर्क बंद केलं, ऑस्ट्रेलियात ते २०२४ मध्ये गेलं. आजोबांचा जुना बटणांचा फोन तिकडे बहुधा नुसतं घड्याळ ठरेल. आपल्या फोनवर *#०६# दाबा. आयएमईआयसोबत (फोनचा ओळख क्रमांक) ‘ईआयडी’ दिसला, तर फोनमध्ये ई-सिम, म्हणजे कार्ड न घालता चालणारं सिम, चालतं.

२. आपलं सिम जिवंत ठेवा, पण त्याचं इंटरनेट बंद
सगळ्यात महत्त्वाचं हेच, आणि लोक नेमकं उलटं करतात. भारतातलं सिम काढून पाकिटात ठेवतात, मग बँकेचा ओटीपी येणार कुठे? शिवाय सिम फोनमध्ये नसेल तर काही बँकांची ॲप उघडतच नाहीत. कंपनीच्या ॲपमधून आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करा. येणाऱ्या मेसेजला सहसा पैसे पडत नाहीत. फोन उचलला की मात्र मीटर सुरू होतं, अगदी समोरच्यानं केलेला असला तरी. आठ-दहा दिवसांची सहल असेल तर सरळ रोमिंग पॅक घ्या; तेव्हा मात्र याच सिमचं इंटरनेट चालू ठेवायचं. थोडा महाग पडेल, पण डोक्याला ताप नाही.

३. जास्त दिवस राहणार असाल तर दुसरं सिम
विकत घेतलेल्या ई-सिमचा क्यूआर कोड घरच्या वायफायवर स्कॅन करून ठेवा. त्याची मुदत फोनमध्ये टाकल्याबरोबर सुरू होते की तिकडचं नेटवर्क मिळाल्यावर, एवढं आधी वाचा. सौदीत तिथलंच सिम घ्यायचं तर पासपोर्ट आणि बोटांचे ठसे लागतात. इंटरनेट तिथं लागतंच, कारण मदिनेत पैगंबरांच्या मशिदीतल्या रौजा शरीफला जायची वेळ सौदी सरकारच्या नुसुक ॲपवरच घ्यावी लागते.

आता सेटिंगमध्ये दोन्ही सिमना नावं द्या: ‘गावचं’ आणि ‘तिकडचं’. मोबाइल डेटा ‘तिकडचं’वर. ‘गावचं’चं डेटा रोमिंग बंद. डेटा आपोआप एका सिमवरून दुसऱ्यावर नेणारं बटण असेल, तर तेही बंद करा. भरमसाट बिलं तिथूनच येतात. व्हॉट्सॲपनं ‘नंबर बदलायचा का’ विचारलं तर नाही म्हणा. ते जुन्याच नंबरवर चालू राहतं.

४. किरकोळ, पण अडवणारं
घरच्यांचे नंबर +९१ लावून सेव्ह करा. शून्य दाबून धरलं की + येतं. दुबईत व्हॉट्सॲपचा मेसेज जातो, कॉल लागत नाही. यूपीआय सिंगापूर, यूएई, नेपाळ, मॉरिशस अशा ठिकाणी काही दुकानांत चालतं, पण ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय पेमेंट आधी चालू करावं लागतं. त्याच्या भरवशावर मोकळ्या खिशानं जाऊ नका.

चार्जरवर ‘१००–२४० व्होल्ट’ लिहिलेलं असेल तर तो कुठेही चालेल, प्रश्न फक्त पिनांचा. दोन गोल बारीक पिना युरोपात बहुतेक ठिकाणी बसतात. ब्रिटन, दुबई, सौदीत तीन चौकोनी पिना लागतात, अमेरिकेत चपट्या. पॉवर बँक हातातल्या बॅगेत ठेवायची, चेक-इनच्या सामानात नाही. मर्यादा १०० वॉट-तासांची आहे. २०,००० एमएएचची साधारण ७४ भरते.

५. उतरल्यावर
फ्लाइट मोड काढा आणि पाच-दहा मिनिटं दम धरा. नेटवर्क आलंच नाही, तर सेटिंगमध्ये जाऊन कंपनी हातानं निवडा.

लेकीच्या बाळंतपणाला सहा महिने जाणाऱ्यांसाठी
प्रीपेड नंबर ९० दिवस वापरलाच नाही आणि त्यात पैसेही नसले, तर तो बंद होऊन पुढे दुसऱ्याला मिळू शकतो. आधार, बँक, पीक विमा सगळं त्याच नंबरला जोडलेलं असतं. रिचार्जची तारीख गावातल्या भाच्याला किंवा पुतण्याला लिहून द्या, आणि पैसेही आधीच देऊन ठेवा.