पाचट कुट्टी यंत्र जोडण्याआधी

उसाचं पाचट बारीक करणारं कुट्टी यंत्र बघायला जायच्या आदल्या दिवशी मोजपट्टी घेऊन आपल्याच ट्रॅक्टरच्या मागे बसा. यंत्राचा रंग, पात्यांची संख्या, विक्रेत्याच्या तोंडचं "तासाला एकर" हे सगळं नंतर. आधी कागदावर उतरवून घ्या: मागच्या चाकांची बाहेरून बाहेरपर्यंतची रुंदी, यंत्र उचलणाऱ्या खालच्या दोन्ही आर्मच्या (दांड्यांच्या) भोकांचं माप, पीटीओवरचे (यंत्र फिरवणाऱ्या मागच्या दांड्यावरचे) दाते आणि ट्रॅक्टरच्या पुस्तकात दिलेली पीटीओची ताकद. या कागदाशिवाय जो जातो तो यंत्र घेऊन येतो आणि मग लेथवाल्याकडे खेपा घालतो. मी घातल्यात.

ताकदीच्या बाबतीत फसगत ठरलेली. बॉनेटवर 45 लिहिलेलं असलं तरी मागे पीटीओवर पोचते ती 38-40 एचपी, आणि पाचट बारीक होतं ते या मागच्या ताकदीवर. पाच फुटी यंत्राला 45 चा ट्रॅक्टर पुरतो, पण ओलसर पाचटात कण्हायला लागतो. सहा फुटी घ्यायचं तर 50-55 चा हवा. वजनही विचारा. पाच फुटी यंत्र चार-पाचशे किलोच्या घरात असतं. ते मागे उचललं की पुढची चाकं हलकी होतात आणि बांधावर स्टेअरिंग ऐकत नाही. पुढची वजनं शेडच्या कोपऱ्यात गंजत पडली असतील तर ती काढून बसवा.

आता सरी. साडेचार-पाच फुटी सरीत मोठ्या ट्रॅक्टरची चाकं सरीतून जातात आणि बुडखे वाचतात. तीन-साडेतीन फुटीत चाक बुडख्यावरच चढणार, तिथे खोडव्याचं (त्याच बुडख्यांतून फुटणाऱ्या पुढच्या पिकाचं) नुकसान पत्करायचं की मिनी ट्रॅक्टरवाला शोधायचा, हे आधी ठरवा. यंत्राची रुंदी चाकांपेक्षा कमी असेल तर ते एका बाजूला सरकवून बसवता येतं का, तेही विचारून ठेवा.

पात्यांबद्दल फार बोलण्यासारखं नाही. नुसतं पाचट असेल तर वाय आकाराची पाती बरी. याच यंत्राने पुढे पऱ्हाटी, तुराट्याही कुटायच्या असतील तर हातोडे घ्या. कुठलीही घ्या, सुटी पाती आणि त्यांचे बोल्ट यंत्रासोबतच घ्या, कारण हंगामात ती मिळत नाहीत.

जुना, एकाच क्लचचा ट्रॅक्टर असेल तर एक गोष्ट आवर्जून तपासा. रोटर, म्हणजे पाती लावलेला फिरता रूळ, जड असतो आणि एकदा फिरायला लागला की क्लच दाबला तरी फिरतच राहतो. अशा ट्रॅक्टरात तो उलटा गिअरबॉक्सला ढकलतो आणि ब्रेक मारेपर्यंत ट्रॅक्टर हातभर पुढे सरकतो. समोर विहिरीचा काठ असेल तर हातभरही पुष्कळ झालं. यावर उपाय म्हणजे पीटीओ आणि यंत्र जोडणारा शाफ्ट ओव्हररनिंग क्लचचा (ताकद एकाच दिशेने जाऊ देणारा) घेणं. दोन क्लचच्या किंवा स्वतंत्र पीटीओच्या ट्रॅक्टरला ही भानगड नाही.

अनुदान घ्यायचं असेल तर महाडीबीटीवर (राज्य सरकारच्या अनुदानाच्या पोर्टलवर) अर्ज करून थांबा. पूर्वसंमती हातात येण्याआधी बिल फाडलं तर ते बिल तुमच्याकडेच राहतं. यंत्राचा तपासणी अहवाल आहे का, तेही दुकानदाराला तिथेच दाखवायला सांगा. शेती अवजारांवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 12 वरून 5 टक्क्यांवर आलाय, तेव्हा जुन्या दरपत्रकावर सौदा करू नका.

जोडणीला मुहूर्त खंडेनवमीचा. ट्रॅक्टर धुऊन हार घालतोच आपण, त्याच दिवशी यंत्र जोडून बघा. कारखाना सुरू झाला, तोड आली, की मग कुणाला वेळ नसतो. सपाट जागेवर यंत्र उभं करा, ट्रॅक्टर सरळ मागे घ्या. आधी डावा आर्म, मग उजवा (उजव्याला उंची कमी-जास्त करायचा दांडा असतो, म्हणून तो नंतर), मग टॉप लिंक (वरचा मधला दांडा). लहान मापाच्या यंत्राची खालची पिन 22 मिलिमीटरची आणि मोठ्याची 28 ची असते. आर्मचं भोक मोठं आणि पिन बारीक असेल तर बुश घाला, तसंच खडखडत चालवू नका. प्रत्येक पिनेला क्लिप हवी. तारेचा तुकडा म्हणजे क्लिप नव्हे. आर्मच्या चेन दोन्ही बाजूंना सारख्या ताणा, म्हणजे यंत्र डुलत नाही.

आता शाफ्ट. इथे घाई करू नका, कारण निम्मी मोडतोड इथेच होते. आमच्याकडे पहिल्या वर्षी यंत्रासोबत आलेला शाफ्ट मी जसाच्या तसा बसवला. सरीत छान चालला. सरीच्या टोकाला यंत्र उचललं, आत सरकायला नळीला जागाच उरली नव्हती. खट्ट आवाज झाला. खाली उतरून बघतो तर पीटीओच्या सीलमधून तेलाची धार लागलेली, आणि दुसऱ्या दिवशी फडात तोडणीवाले यायचे होते.

म्हणून आधी शाफ्ट न लावता यंत्र जोडा. हायड्रॉलिकने सावकाश वर-खाली करा आणि ट्रॅक्टरचा पीटीओ आणि यंत्राचा गिअरबॉक्स सगळ्यात जवळ येतात ती जागा पकडा. बहुधा दोन्ही एका उंचीवर असतात तेव्हाच. तिथे इंजिन बंद करून यंत्राखाली ठोकळे द्या. शाफ्टचे दोन भाग वेगळे करा, एक इकडे बसवा, एक तिकडे, आणि शेजारी शेजारी धरा. दोन्ही टोकांना इंचभर मोकळीक राहील अशी खूण करा. जेवढं जास्त असेल तेवढं आतली नळी, बाहेरची नळी आणि प्लास्टिकचं कव्हर या सगळ्यांतून सारखंच कापा. कापलेली कड कानशीने घासा, किस पुसा, ग्रीस लावा. मग यंत्र पूर्ण खाली सोडून बघा. त्या लांबीतही एक नळी दुसरीत निदान एक तृतीयांश बसलेली राहिली पाहिजे. नाही राहिली तर हा शाफ्ट तुमच्या ट्रॅक्टरचा नाहीच, दुसरा मागा.

बसवताना शाफ्टच्या दोन्ही टोकांचे फोर्क (दुपाखी तोंडं) एका रेषेत आहेत ना, ते बघा. आडवे-उभे बसले तर शाफ्ट थरथरतो आणि सांध्यातले क्रॉस लवकर जातात. खटका बसल्याचा आवाज ऐकल्यावर शाफ्ट हाताने ओढून खात्री करा. कव्हरची साखळी अडकवा, म्हणजे कव्हर फिरत नाही. टॉप लिंक अशी लावा की गिअरबॉक्सचा दांडा पीटीओला समांतर राहील. यंत्र वर घेताना क्रॉस खडखडायला लागले तर हायड्रॉलिकच्या दांड्याला तिथेच आडकाठी लावा, त्याच्या वर उचलूच नका. गिअरबॉक्समध्ये नव्वद नंबरचं तेल आहे का, ते स्वतः बघा. दुकानातून कोरडा आलेला गिअरबॉक्स मी पाहिलाय.

शेताची तयारी यंत्राच्या तयारीएवढीच. ठिबक असेल तर लॅटरल (सरीतल्या बारीक नळ्या) गुंडाळून बाहेर काढा, सगळ्या, अर्ध्या नव्हे. एक राहिलेली लॅटरल रोटरवर अशी गच्च बसते की विळा आणि पक्कड घेऊन दुपार जाते. दगड, तारा, तोडणीवाल्यांनी टाकलेल्या बाटल्या वेचा. व्हॉल्व्ह आणि सबमेनच्या (लॅटरलना पाणी देणाऱ्या पाइपच्या) जागी काठी रोवून फडकं बांधा. मागचा रोलर असा लावा की पाती जमिनीच्या दोन-तीन बोटं वर राहतील. माती खाल्ली की पाती आठवड्यात झिजतात आणि धुरळा बेअरिंगमध्ये जातो. बुडखे छाटायचं काम वेगळं, ते या यंत्राकडून करून घेऊ नका.

मागे कुणी उभं राहायचं नाही. दगड गोळीसारखा सुटतो, दीड-दोनशे फूट जातो. मफलर, उपरणं, लोंबता टॉवेल घरी ठेवा. पाचट अडकलं तर पीटीओ बंद, इंजिन बंद, चावी खिशात, आणि रोटर थांबेपर्यंत दम धरा. वाळलं पाचट आणि तापलेला सायलेन्सर एकत्र असतात, तेव्हा पाण्याचे दोन कॅन ट्रॅक्टरवर हवेतच. पाचट पेटवायचं नाही म्हणून तर यंत्र घेतलं.

खतही आधी आणून ठेवा. एकरी तीन-चार टन पाचट धरा. टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट आणि किलोभर कुजवणारं जिवाणू संवर्धन. कुट्टी झाल्यावर लगेच टाकून पाणी दिलं तर कुजायला लागतं.

पहिल्या दिवशी लो गिअरमध्ये पीटीओ मिनिटाला 540 फेऱ्यांवर आणा, मगच पाचटात शिरा. अर्ध्या तासाने थांबा. बेअरिंगला हात लावून बघा, चटका बसला तर ग्रीस कमी आहे किंवा बेल्ट जास्त ताणलाय. पात्यांचे बोल्ट पुन्हा आवळा. एक पातं तुटलं तर समोरचंही बदला, नाहीतर यंत्र थरथरतं. शिअर बोल्ट (जास्त ताण आला की आधी तुटणारा) तुटला तर तसलाच घाला. टूलबॉक्समध्ये आधीच पाच-सहा टाकून ठेवा, म्हणजे वेळ आली की हाताला लागेल तो जाड बोल्ट ठोकायचा मोह होत नाही.