विंडोजवर चालतं, मोबाइलवर काळा पडदा?

पुतण्यासाठी एसडीएल २ (एकाच कोडवर वेगवेगळ्या यंत्रांवर खेळ चालवता यावेत यासाठीची तयार लायब्ररी) वापरून सोलापुरी चादरीच्या नक्षीचं जोडकोडं केलं होतं. विंडोज लॅपटॉपवर झकास. गड्ड्याच्या यात्रेला पाहुणे जमले, कौतुकानं अँड्रॉइड फोनवर लावलं, तर नुसता काळा पडदा.

चूक माझीच, तीही दोन ठिकाणी. फाइलच्या नावात पहिला ‘सी’ मोठ्या लिपीतला, कोडमध्ये मात्र छोटा. विंडोज सहसा हा फरक मनावर घेत नाही; लिनक्स आणि अँड्रॉइड घेतात. तेव्हापासून सगळी नावं छोट्या लिपीत, मधे जागा नाही.

दुसरी जास्त छळणारी. अँड्रॉइडवर चित्रं एपीकेच्या, म्हणजे ॲपच्या बांधलेल्या फाइलीच्या, पोटात असतात, त्यामुळे सी भाषेतलं फाइल उघडायचं नेहमीचं ‘एफओपन’ तिथं पोचतच नाही. त्याऐवजी एसडीएलचं ‘एसडीएल_आरडब्ल्यूफ्रॉमफाइल’ हे फंक्शन वापरा. ते एपीकेतूनही वाचतं आणि लॅपटॉपवरही तोच कोड चालतो. एसडीएल ३ मध्ये त्याचं नाव ‘एसडीएल_आयओफ्रॉमफाइल’ झालं आहे.

गुण साठवायचे असतील तर प्रोग्रामशेजारी फाइल लिहू नका. तिथं लिहायची परवानगी असेलच असं नाही. कुठे लिहायचं ते ‘एसडीएल_गेटप्रेफपाथ’ला विचारा. विंडोजवर ते ॲपडेटातला फोल्डर देतं, लिनक्सवर सहसा होम फोल्डरमधल्या ‘.लोकल/शेअर’मधला. फोल्डरच्या पत्त्याची जी स्ट्रिंग मिळते, तिची मेमरी ‘एसडीएल_फ्री’नं मोकळी करायची, हे मी अजूनही विसरतो.

एवढं करूनही ‘इफडेफ’ (प्रत्येक सिस्टिमसाठी वेगळा कोड निवडणारी अट) लागलंच, तर ते एकाच फाइलीत कोंडून ठेवा. आणि पाहुणे यायच्या आधी खऱ्या फोनवर एकदा चालवून बघा.