जुलाब व्हायरसचे, घाई आपली: या चुका टाळा

जुलाब लागून एक रात्र सरत नाही तोच ‘डॉक्टर, काहीतरी स्ट्राँग द्या’ म्हणणारे पालक मला सतत भेटतात. रोटाव्हायरस किंवा नोरोव्हायरसच्या जुलाबांवर अँटिबायोटिकचा काडीचाही उपयोग नाही. तरीही घरात उरलेली बाटली बाहेर निघतेच, म्हणून ही चूक आधी आणि सविस्तर.

रोटाव्हायरस लहान आतड्यातल्या रसांकुरांच्या (अन्नरस शोषणाऱ्या बारीक बोटांसारख्या उंचवट्यांच्या) टोकावरच्या पेशी मारतो. दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज हे विकर (एन्झाइम) याच पेशींत असतं. बुडाशी असलेल्या पेशी मात्र शाबूत राहतात आणि त्यांच्यापासून साधारण ३ ते ५ दिवसांत नवं अस्तर वर सरकत येतं. तोवर इंटरफेरॉन आणि आयजीए प्रतिपिंडं ही शरीराची स्वतःची बचावाची प्रथिनं व्हायरसला आवरतात. मोठ्या आतड्यातले जिवाणू तंतुमय पदार्थांपासून ब्युटिरेट बनवतात. तिथल्या पेशींचं ते मुख्य इंधन, शिवाय दाह कमी करायलाही ते लागतं. जुलाबांनी या जिवाणूंची घडी आधीच विस्कटलेली असते. त्यात अँटिबायोटिक पडलं की उरलेसुरलेही जातात.

दोन वर्षांची एक मुलगी आठवते. वडिलांनी आधी मोठ्या भावाचं उरलेलं औषध पाजलं. जुलाब थांबेनात म्हणून कुणाच्या तरी सांगण्यावरून दुसरं अँटिबायोटिक सुरू केलं. माझ्याकडे आणली तेव्हा तिसरा आठवडा होता. शी पाण्यासारखी, फेसाळ, आंबूस वासाची. शीची जागा लालबुंद, सोललेली. ओलं फडकं जवळ नेलं तरी किंचाळायची. न पचलेलं दूध आतड्यात आंबत होतं. दोन्ही औषधं बंद केली, वरचं दूध काही दिवस थांबवलं, रोजचं जेवण चालू ठेवलं, ओआरएस आणि झिंक दिलं. आठवडाभरात शी बांधून आली. (अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध मात्र कधीही तोडू नका.)

आता दुसरी चूक, अर्धवट वाचनाची. २०११ मध्ये उंदरांवर एक प्रयोग झाला. अँटिबायोटिक देऊन आतड्यातले जिवाणू कमी केल्यावर पोलिओव्हायरसचा संसर्ग सौम्य झाला, कारण हा व्हायरस जिवाणूंच्या आवरणातल्या रेणूंचा आधार घेतो. संशोधन सुंदर आहे. पण त्यावरून ‘म्हणजे अँटिबायोटिक व्हायरसलाही चालतं’ असं मला ऐकवलं जातं, तेव्हा राग येतो. २०१४ मध्ये उंदरांवरच असंही दिसलं, की जिवाणूच नसलेल्या आतड्यात उंदरांच्या नोरोव्हायरसने जिवाणूंची काही कामं निभावली. हे नातं इतकं गुंतागुंतीचं आहे. एका प्रयोगावरून घरच्या लेकराला औषध ठरवू नये.

प्रोबायोटिकची, म्हणजे ‘चांगले’ जिवंत जिवाणू असलेल्या औषधाची घाईही तशीच. जुलाब झालेल्या मुलांवर अमेरिकेत आणि कॅनडात झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल २०१८ मध्ये आले. प्रोबायोटिक घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या मुलांत फरक दिसला नाही. मी स्वतः लिहून देत नाही. जुलाब चालू असताना शीतल्या जिवाणूंची महागडी तपासणी तर मुळीच करू नका. त्या दिवसांत येणारं चित्र नेहमीचं नसतंच.

फ्लूमध्ये शी पातळ झाली, की लगेच पोटाचं वेगळं औषध नको. उंदरांत फुप्फुसातल्या फ्लूनेही आतड्यातले जिवाणू बदललेले दिसले आहेत.

ओआरएसचं पाकीट अर्धं-अर्धं करून अंदाजाने मिसळू नका. पाकिटावर लिहिलंय तेवढंच पाणी.

मुलांना जुलाब ‘बांधायच्या’ गोळ्या नकोत.

नोरोव्हायरसपुढे सॅनिटायझर कमी पडतो. साबण आणि वाहतं पाणी वापरा, आणि बरं वाटल्यावरही निदान दोन आठवडे. तोवर शीतून व्हायरस बाहेर पडत राहू शकतो.

शीत रक्त, खोल गेलेले डोळे, सहा तासांत लघवी नाही किंवा मूल मलूल पडलेलं दिसलं, तर मात्र एक मिनिटही थांबू नका, थेट दवाखाना गाठा.